घाट, गेट आणि ग्वारीघाटच्या पायऱ्या

प्रश्न : माझी नात बंगळुरूला इंग्रजी शाळेत सातवीत आहे. सुट्टीत इकडे आली की रोज संध्याकाळी आम्ही दोघे ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला जातो. परवा पायऱ्यांवर बसल्या बसल्या तिने विचारले, "आजोबा, पुस्तकात घाट म्हणजे डोंगर दिलाय. मग इथला डोंगर कुठे गेला?" मी म्हणालो, अगं, या पायऱ्यांनाच घाट म्हणतात. तिने लगेच मोबाइलवर इंग्रजी शब्दकोश काढला. त्यात 'घाट' हा इंग्रजी शब्द म्हणून दिलेला, आणि अर्थ चार : नदीच्या पायऱ्या, डोंगरातली वाट, डोंगररांग, प्रेते जाळण्याची जागा. वर तिचे म्हणणे असे, की हा शब्द 'गेट'वरूनच निघाला असणार, कारण दोन्हीकडून जा-ये होते. मला काही उत्तर सुचले नाही. एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कसे चिकटले? आणि 'गेट'चे काय?
— एक वाचक, ग्वारीघाट, जबलपूर

उत्तर : 'गेट' आणि 'घाट' यांचे नाते नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचे सांगायला वेळ लागेल. पण नातीला शाबासकी द्या. तिला दिसलेले अर्थाचे साम्य खरे आहे. त्याकडे नंतर येऊ.

'घाट' आला संस्कृत 'घट्ट'पासून. पट्टाचा पाट झाला, भट्टाचा भाट झाला, बाजार या अर्थाच्या हट्टाचा हाट झाला, तसा घट्टाचा घाट. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन द्राविडी भाषांतल्या बांध, बंधारा अशा अर्थाच्या 'कट्ट', 'गट्टु' या शब्दांशी त्याचा संबंध जोडतात. कानडीत तर डोंगरातल्या घाटाला आजही 'घट्ट'च म्हणतात. संस्कृतात घट्ट म्हणजे नदीत उतरायची, नाव लागायची जागा. नावाडी तो 'घट्टजीवी', घाटावर पोट भरणारा. उतारूंकडून जकात घेणाऱ्याची झोपडी ती 'घट्टकुटी'. या झोपडीवरून एक न्यायच प्रसिद्ध आहे, घट्टकुटीप्रभातन्याय. जकात चुकवायची म्हणून एक जण रात्रभर आडवाटांनी भटकतो आणि उजाडते तेव्हा नेमका त्याच झोपडीच्या दारात उभा असतो. वादात जो मुद्दा टाळायचा तोच शेवटी कबूल करावा लागला, की पंडित हा दाखला देत. ही झोपडी लक्षात असू द्या, डोंगरावर ती पुन्हा भेटणार आहे.

घाट म्हणजे पायऱ्या, असे तुम्ही नातीला सांगितलेत. ते खरे, पण अर्धे. नदीला काठ सगळीकडे असतो, घाट सगळीकडे नसतो. कुठे दरड उभी तुटलेली असते, कुठे गुडघाभर गाळ, कुठे काठालाच डोह. माणसाला, गुराला, नावेला पाण्याशी सुखाने पोचता येते अशा जागा थोड्या, आणि त्याच घाट. दगडी पायऱ्या बांधणारे राजे, राण्या आणि सावकार मागून आले. त्यांनी बहुतेक वेळा आधीपासून वाहत्या असलेल्या वाटेलाच दगड लावले. 'तीर्थ' या शब्दाची कथाही अशीच आहे. तो 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून आला. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याजोगा उतार. पावित्र्य पुढे आले. तीर्थंकर म्हणजे असा उतार करून देणारा.

ग्वारीघाटावर हे सगळे डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळी पानाच्या द्रोणात फुलाच्या पाकळ्या, मधे तुपाची वात, आणि तो द्रोण पाण्यावर ठेवायला बाई शेवटच्या ओल्या पायरीवर वाकते. त्याच पायरीला नाव लागलेली असते, आणि लोक समोरच्या काठावरच्या गुरुद्वाऱ्याला जायला तीत बसतात. पूजा आणि पार होणे, दोन्ही एकाच दगडावरून. तिथेच झोळी, दंड, कमंडलू घेतलेले परिक्रमावासीही टेकलेले दिसतात. त्यांना मात्र त्या नावेत बसता येत नाही, कारण परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. ते त्याच पायरीवर येतात, पाणी डोळ्यांना लावतात आणि काठाकाठाने पुढे चालू लागतात. नातीला एकदा नावेतून पलीकडे न्या आणि तिथून ग्वारीघाटाकडे पाहायला सांगा. काठावर बसून घाट फक्त बैठक वाटतो. नावेतून परत येताना तो वाट आहे हे कळते.

आता डोंगर. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट मी पहिल्यांदा चढलो तो खालच्या वैशाखरे गावाकडून. दोन-अडीच तास जंगलातून चढ, आणि शेवटी दोन कड्यांच्या मधली अरुंद नळी. त्या नळीत काय आहे? पायऱ्या. दगडी, झिजलेल्या, पावसाळ्यात पाणी वाहणाऱ्या पायऱ्या. तिथे उभे राहिले की नदीचा घाट आणि डोंगराचा घाट हे दोन अर्थ आहेत असे वाटेनासे होते. एकात माणूस काठावरून पाण्याला उतरतो, दुसऱ्यात देशावरून कोकणात. उतरण्याची सोय तीच. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांत दिलेल्या दक्षिणांच्या आकड्यांनी भरलेला. शेजारच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. आज वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच उरले आहे. आणि घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला भलामोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे जुन्नर भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नदीकाठची घट्टकुटी आणि नाणेघाटाचा रांजण, दोहोंचे काम एकच.

म्हणजे आपल्या भाषेत घोळ नव्हताच. घाट ही वाट, डोंगर हा डोंगर. डोंगराला आपण सह्याद्री म्हणत होतो, पुराणांत तो 'सह्य' आहे. खिंड वेगळी, घाट वेगळा. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली फट, आणि घाट म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सगळी चढण. खानदेशात तिला बारी म्हणतात. जिथे ती संपते तो घाटमाथा. कोकणातला माणूस "तो घाटावर गेलाय" म्हणतो, तेव्हा तो देशावर गेलेला असतो, कुठल्या शिखरावर नव्हे. 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हा बोलण्यातला भेदच पुढे परक्यांना चकवून गेला.

सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज इतिहासकाराने, जुआंव द बारुशने, किनाऱ्यालगतच्या या रांगेबद्दल लिहिताना इथले लोक तिला 'घाट' म्हणतात आणि त्याचा अर्थ डोंगररांग, असे नोंदवले. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये तो शब्द इंग्रजीतल्या 'गेट'सारखाच दिसतो. तुमच्या नातीची शंका कागदावर तरी जुनी आहे. इंग्रजांनी तोच समज उचलला. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश निघाला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा तो आजही सर्वांत वाचनीय कोश आहे. त्यात या शब्दाखाली पाण्याचा घाट आधी, मग डोंगरातली वाट, मग डोंगररांग असे अर्थ दिले आहेत, आणि शेवटचा अर्थ कसा आला असावा तेही. घाटावरचा मुलुख, घाटाखालचा मुलुख असे बोलणे परदेशी माणसांच्या कानावर पडले आणि घाट हे त्या पर्वताचेच नाव, अशी त्यांची समजूत झाली. मला हे स्पष्टीकरण पूर्ण पटते. डोंगर ज्या वाटांनी ओलांडायचा त्या वाटांचे नाव डोंगरालाच देऊन टाकले गेले. पूर्व किनाऱ्याजवळच्या तुटक टेकड्यांनाही पुढे तेच नाव मिळाले. आणि मग इंग्रजी भूगोलाचे भाषांतर करताना आपण 'वेस्टर्न घाट्स'चे 'पश्चिम घाट' करून तो शब्द अंगणात परत घेतला, चुकलेल्या अर्थासकट. २०१२ साली युनेस्कोने या रांगेतल्या ३९ जागांना जागतिक वारसा ठरवले, तेही याच नावाने.

फारसी कारभारात मात्र अर्थ शाबूत होता. फारसीत 'बाला' म्हणजे वर आणि 'पाईन' म्हणजे खाली. वऱ्हाडचे दोन भाग होते, अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट आणि पूर्णेच्या खोऱ्यातला पाईनघाट. मराठवाड्यातला बालाघाट डोंगर आपल्या ओळखीचा आहे. तुमच्या भागातल्या एका जिल्ह्याचे नावही बालाघाटच. नातीला दाखवण्याजोगी एक गंमत तुमच्या दाराशीच आहे. जबलपूरची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी २०१५पर्यंत ग्वारीघाट स्टेशनावरून नैनपूरमार्गे बालाघाटला जाई. आता तिथे मोठे रूळ आहेत. एका गाडीच्या दोन स्टेशनांवर एकच शब्द, एकीकडे पाण्याचा, दुसरीकडे डोंगराचा. तिचे पुस्तक या गाडीत बसले असते तर तिचा प्रश्न प्रवासातच सुटला असता.

तुमच्या गावचा आणि घाटांचा आणखीही एक दुवा आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वे सह्याद्रीपाशी येऊन थबकली. बोरघाटातला मार्ग १८६३ साली सुरू झाला, कसाऱ्याचा थळघाट १८६५ साली. सदतीस फुटांमागे एक फूट अशी चढण. आजही तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि ती लागताना बसणारा धक्का मुंबईहून जबलपूरला परतणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या ओळखीचा आहे. हाच थळघाट चढून आलेले रूळ १८७० साली जबलपूरला पोचले आणि अलाहाबादकडून आलेल्या रुळांना मिळाले. मुंबई आणि कलकत्ता पहिल्यांदा लोखंडाने जोडली गेली ती तुमच्या गावात. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. रेल्वे कुठून न्यावी हे साहेबाला कळेना, तेव्हा एका धनगराने गुरांची वाट दाखवली, तो हा शिंग्रोबा, असे सांगतात. कथेचा पुरावा मागायला मी जाणार नाही, पण तिच्यातले एक मला खरे वाटते. घाट कुणी बांधत नाही, तो आधी पायांना सापडतो.

शब्दकोशातला चौथा अर्थ, प्रेते जाळण्याची जागा, हा काशी आणि बंगालकडून इंग्रजीत गेला. तिकडे दहन नदीच्या घाटावर होते, म्हणून साहेबाने ते 'बर्निंग घाट' असे लिहिले. मराठीत स्मशानाला आपण नुसते घाट म्हणत नाही. दिल्लीचा राजघाट अनेकांना समाधीमुळे तसा वाटतो, पण ते नाव गांधीजींच्या आधीचे आहे, यमुनेवरच्या जुन्या घाटाचे. शहाजहानच्या दिल्लीच्या तटाला त्या घाटाकडे उघडणारा एक दरवाजा होता आणि त्याला राजघाट दरवाजा म्हणत. गेट आणि घाट एकत्र नांदल्याचे हे एक उदाहरण नातीच्या बाजूने मांडता येईल. गांधीजींच्या अस्थी तुमच्याकडे तिलवाराघाटावर १९४८च्या फेब्रुवारीत विसर्जित झाल्या. जबलपूरचाच लम्हेटाघाट तर थेट भूगर्भशास्त्रात गेला. डायनासोरचे अवशेष मिळणाऱ्या इथल्या खडकांच्या थराला जगभर 'लमेटा' म्हणतात ते या घाटावरून.

मराठीत आणखी एक घाट आहे. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, घाटदार मान, आणि "यंदा लग्नाचा घाट घातलाय". हा आकाराचा आणि बेताचा घाट 'घट्' म्हणजे घडणे, घडवणे या धातूकडचा आहे. उच्चार एक, कूळ वेगळे. हरभऱ्याचे घाटे आणखी निराळे. 'घाटी' मात्र डोंगराच्या घाटाचाच. घाट उतरून मुंबईला हमाली करायला, गिरणीत राबायला आलेल्या देशावरच्या माणसाला तो शब्द लावला गेला, आणि पुढे तो हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. मला तो तसा ऐकवत नाही. दोन हजार वर्षांचा व्यापार ज्या वाटांनी चालला त्या वाटेवरून आलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता 'गेट'. इंग्रजीत या चार अक्षरांत दोन शब्द येऊन मिळाले आहेत. दार किंवा फाटक या अर्थाचा गेट जुन्या इंग्रजीतला, 'येआत' अशा काहीशा उच्चाराचा. दुसरा व्हायकिंग लोकांनी आणलेला, 'गाता', म्हणजे रस्ता. स्वीडनमध्ये रस्त्याला आजही 'गाता' म्हणतात, आणि जर्मन 'गासं' म्हणजे गल्ली. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात व्हायकिंगांची वस्ती होती. तिथले स्टोनगेट, मिकलगेट हे रस्ते आहेत, दरवाजे नव्हेत, आणि शहराच्या खऱ्या वेशींना तिथे 'बार' म्हणतात. चालण्याची ढब या अर्थाचा इंग्रजी शब्दही या रस्त्यातूनच आला, फक्त त्याचे स्पेलिंग वेगळे झाले. पुढे १९७२ साली वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत घरफोडी झाली, १९७४ साली अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले, आणि तेव्हापासून कुठल्याही भानगडीच्या शेपटीला 'गेट' लागू लागले. आपल्याकडे कोळसा खाणींच्या वाटपाचे प्रकरण वृत्तपत्रांनी 'कोलगेट' केले ते त्याच चालीने. त्या वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकामागे पोटोमॅक नदीकडे उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या आहेत. त्यांचे नावही 'वॉटर गेट'. ग्वारीघाटाचा माणूस तिथे गेला तर दुसरे काय म्हणेल?

तेव्हा रस्ता या अर्थाचा गेट आणि वाट या अर्थाचा घाट हे एकमेकांच्या जवळ येतात, तरी ते भाऊ नव्हेत. शब्दांचे नाते दिसण्यावरून ठरत नाही. संस्कृत 'गम्' म्हणजे जाणे आणि इंग्रजी 'कम' म्हणजे येणे, हे दिसतात परके, पण एकाच मुळाचे आहेत. गेट आणि घाट दिसतात जुळे, पण एक उत्तर युरोपातला, दुसरा आपल्या मातीतला. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाशी मात्र दोघे भेटतात. १९२४ साली उघडलेली ती कमान सगळे बघतात. तिच्या बाजूला समुद्रात उतरणाऱ्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या पायऱ्या फारसे कुणी बघत नाही. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचा त्या पायऱ्यांनाच लागतात. कमान हे गेट, पायऱ्या हा घाट.

नातीला इतके सगळे सांगायला नको. घाट म्हणजे उतरायची, पार व्हायची वाट, मग ती पाण्यात उतरो की कोकणात, एवढे पुरे. पुस्तकात 'पश्चिम घाट' आहे, तर परीक्षेत तिने तसेच लिहावे, पण घरी सह्याद्री म्हणावे.

आणि इतर वाचकांकडे एक मागणे आहे. नकाशावर 'पश्चिम घाट' हे एकच नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते आणि त्याखाली शेकडो घाटवाटांची नावे बुजून जातात. अफझलखानाची फौज जिथून उतरली तो महाबळेश्वरजवळचा रडतोंडी घाट, कोकणात उतरणारे सवाष्णी, वाघजाई, मढे, कुरवंडे. ही नावे चालणाऱ्यांनी ठेवली, आणि चालणारे कमी झाले तशी ती फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. तुमच्या गावच्या डोंगराला किंवा नदीला असा एखादा घाट असेल, तर त्याचे नाव, तो कुठून कुठे जातो, आणि शेवटचे त्यावरून कोण गेले, एवढे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. येतील तेवढी नावे या सदरात छापू.